अँथनी गोन्साल्विस : वाद्यवृंदातील व्हायोलिनवादक आणि शिक्षक

'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव खामगाव-मेहकरकडील लग्नाच्या बँडपर्यंत पोहोचले; मात्र हे नाव लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचे आहे आणि ते गाणे म्हणजे शिष्याने वाहिलेली गुरुदक्षिणा आहे, याची जाण फार थोड्यांना असते.

गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ मध्ये गोव्यातील साष्टी तालुक्यातल्या माजोर्डा या गावी झाला. वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख असल्याने, आणि पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मुलांना मिळत असल्याने, वाचणे आणि वाजवणे या दोन्ही गोष्टी त्यांना लहानपणीच साधल्या. १९४३ मध्ये ते मुंबईस आले आणि संगीतकार नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले.

त्या काळी चित्रपटाचा संगीतकार बहुधा पेटीवर चाल ऐकवी. तिच्याभोवती प्रत्येक वाद्याने काय वाजवावे हे लिहून काढणारा तो संयोजक, म्हणजेच अरेंजर. व्हायोलिनच्या ताफ्यात दोन वादकांसमोर एक कागद असतो आणि त्यावर स्वरांबरोबर गज कोठे खाली ओढायचा, कोठे वर न्यायचा याच्या खुणा असतात, कारण सर्वांचे गज एकाच दिशेने चालले नाहीत तर वाक्याचा जोर फुटतो आणि अनेक व्हायोलिनांचा एक आवाज होत नाही. हे काम तोंडी सांगून होत नाही. गोव्याच्या वादकांनी आणलेली ही लेखनविद्या नसती, तर त्या काळातील गाण्यांना लाभलेला भरदार पार्श्वनाद संभवलाच नसता, असे निःसंशय म्हणता येते.

गोन्साल्विस यांनी वांद्र्याच्या घरी ही विद्या शिकवली. संगीतकार राहुल देव बर्मन हेही त्यांच्या विद्यार्थ्यांपैकीच.

परंतु त्यांची खरी ओढ होती ती हिंदुस्थानी रागाला सिम्फनी वाद्यवृंदात स्थान देण्याची. त्यासाठी त्यांनी १९५८ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा केला (याच नावाची, २००६ मध्ये मुंबईत स्थापन झालेली संस्था वेगळी) आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात, लता मंगेशकर व मन्ना डे यांच्या सहभागाने, स्वतःच्या रचना सादर केल्या. त्यांत तोडी थाटातील व्हायोलिन कंचेर्तो, म्हणजे एकल वाद्य आणि वृंद यांच्या संवादाची रचना, हे विशेष धाडस होते. हार्मनी म्हणजे अनेक स्वर एकाच वेळी वाजवून साधलेला मेळ, आणि त्याचा नेहमीचा आधार षड्ज-पंचमाची जोडी. तोडी रागात मात्र पंचम अल्प असतो, त्यामुळे तो आधार सर्रास घेतला तर रागाचे रूप बिघडते आणि टाळला तर वृंद लुळा पडतो. शिवाय तोडीचा अतिकोमल गंधार मिंडेने, म्हणजे स्वरावरून स्वरावर सरकत, आंदोलित होत येतो, तर स्वरलिपी त्याला एका ठिकाणी खिळवते. हा पेच चित्रपटगीताच्या तीन मिनिटांत लपून जातो, दीर्घ रचनेत लपत नाही. तरीही गोन्साल्विस यांनी तो जाणूनबुजून अंगावर घेतला, यातच त्यांची थोरवी आहे.

१९६५ मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले आणि चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध तुटला. परतल्यावर ते माजोर्ड्यात राहिले आणि १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यातच निवर्तले. दरम्यान प्यारेलाल यांच्या संगीतात व्हायोलिनांचा मोठा ताफा ही ओळखीची खूण बनली होती.