दार लागेना, चूक कुणाची?

जालना म्हटलं की आठवतात पोलादी सळया. सळई घणाचे घाव सोसते. मोटारीचा पत्रा मात्र जेमतेम एक मिलिमीटरचा! म्हणून जुन्या मोटारीची डागडुजी हे नाजूक काम.

प्रीमियर पद्मिनीचंच बघा. मुंबईत, कुर्ल्याला बनायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सींतूनही ती गेली. उरल्यात त्या हौशी लोकांकडे.

तिचं दार लागेना, की लोक ते धाडकन आपटतात. जाणता डेंटर उघडं दार कडेला धरून हळूच उचलतो. वरखाली हललं, तर बिजागरीची खीळ झिजलीय. नाही हललं, तर हा गडी चक्क गाडीखाली वाकतो! कारण पद्मिनीला वेगळी चासी नाही. सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. दाराखालची पट्टी गंजली, की सांगाडा खचतो आणि धडधाकट दारही अडकतं. मग गाडीला टेकू देऊन आधी पट्टी बदलायची. दाराला हात शेवटी!

पोचा काढतानाही तेच. आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीचे हलके ठोके. जोरात हाणलं तर पत्रा पसरून फुगतो. मग तो तापवून, ओल्या फडक्याने गार करून आक्रसवत बसावं लागतं.