गेइटीचे कॅपिटॉल

बेलापूर स्टेशनावर गाडीत बसून मनमाडमार्गे मुंबईस गेलेला आमच्या प्रवराकाठचा प्रवासी बोरीबंदरास उतरून रस्त्यावर आला, की समोरच त्यास 'कॅपिटॉल' दिसे. परंतु ज्या वास्तूस तो सिनेमागृह म्हणून ओळखी, तिचा जन्म सिनेमाच्याही आधीचा, हे त्याला क्वचितच ठाऊक असे.

व्हिक्टोरिया राणीच्या अमलात, १८७९ साली, पारशी रंगभूमीचे धुरीण कुंवरजी नाझर यांनी येथे 'गेइटी' नाट्यगृह उभारले, तेव्हा समोरच्या भव्य स्टेशनाचे बांधकामही नुकतेच सुरू झालेले होते. पुढे जवळच 'नॉव्हेल्टी' हे दुसरे नाट्यगृह झाले. आणि ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात प्रथम दाखविलेली ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे आठवड्याच्या आतबाहेर नॉव्हेल्टीत आली, तेव्हा तिकिटाचे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत ठेवून गोषातील स्त्रियांकरिता स्वतंत्र सज्जेही राखण्यात आले. नाटकाच्या घरी उतरलेला हा पाहुणा यथाकाल घरधनी झाला. नाटक मंडळी म्हणजे नट, साजिंदे, आचारी आणि रंगविलेले पडदे यांचा मोठा लवाजमा. चित्रपट मात्र पत्र्याच्या डब्यांतून येई आणि एकाच दिवसात त्याचे अनेक खेळ होत. जमाखर्चाच्या या तफावतीपुढे नाट्यगृहांचा निभाव लागेना. नॉव्हेल्टीच्या जागी 'एक्सेलसियर' आले, आणि १९२८ च्या सुमारास गेइटीचे कॅपिटॉल झाले.

नाट्यप्रेमी मनास या स्थित्यंतराची हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, जेथे १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी मुंबईकरांस मराठी नाटक दाखविले, ते नाना शंकरशेटांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ग्रँट रोडवरील नाट्यगृह आज अस्तित्वात नाही, आणि गेइटीची वास्तू मात्र उभी राहिली, ती नव्या व्यवसायाने तिच्या देखभालीपुरते उत्पन्न मिळवून दिले म्हणूनच, असे मला वाटते.

आता कॅपिटॉलमधील खेळही थांबले आहेत. परंतु नाट्यगृहाचे चित्रपटगृह होऊन १९९३ मध्ये बंद पडलेले रॉयल ऑपेरा हाऊस, वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन, २०१६ च्या ऑक्टोबरात पुन्हा रंगमंच म्हणून उघडले, हे उदाहरण याच शहरातले आहे. जुन्या वास्तूस वारसा-यादीतील नोंदीहून अधिक आधार नित्याच्या माणसांच्या वर्दळीचा असतो. म्हणून कॅपिटॉलला त्याच्या आकारास आणि इतिहासास साजेसे तिसरे काम लवकर मिळावे, आणि ते शक्य तर नाटकाचेच असावे.