गोड्या पाण्याच्या मत्स्यालयात खारे पाणी भरण्यापूर्वी

घरातील काचेच्या पेटीत गोल्डफिश, गप्पी किंवा एंजल मासे पाळणाऱ्यांना पुढे समुद्री माशांचे आकर्षण वाटू लागते. २००३ साली आलेल्या 'फाइंडिंग नेमो' या चित्रपटानंतर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश घरोघरी परिचित झाला. त्यासाठी जुनी पेटी पुन्हा वापरता येते. मात्र त्यातील पाणी, वाळू, वनस्पती, जिवाणू आणि मासे यांपैकी जवळपास काहीही खाऱ्या पाण्यात टिकत नाही. त्यामुळे हा बदल म्हणजे पहिल्यापासून नवी मांडणी करणेच होय.

मीठ मिसळून का भागत नाही?

गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरते आणि ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकावे लागते. समुद्री माशाची स्थिती नेमकी उलट असते. त्याच्या शरीरातील पाणी बाहेर ओढले जाते. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. एका व्यवस्थेसाठी घडलेला मासा सहसा दुसरीत जगू शकत नाही. मोलीसारखे मोजकेच मासे क्षारता सावकाश वाढविल्यास ती सहन करतात. इतर माशांसाठी आधी दुसरी सोय करणे आवश्यक ठरते.

पेटीची तयारी

पेटी रिकामी करून स्वच्छ धुवावी. साबण वापरू नये. पूर्वी माशांच्या आजारावर तांबेयुक्त औषध वापरले असल्यास विशेष दक्षता हवी. तांब्याचा अंश खडीत व जोडाच्या सिलिकॉनमध्ये राहू शकतो आणि कोळंबी, शंखवर्गीय प्राणी यांना तो घातक ठरतो. जुन्या खडीऐवजी चुनखडीयुक्त वाळू घातल्यास पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ८.१ ते ८.४ या पातळीवर राखण्यास मदत होते. खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पाणी खेळते ठेवणारा पंप लागतो. फेसासोबत सेंद्रिय घाण बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर हे यंत्रही उपयुक्त असते.

पाणी कसे बनवावे?

स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोराइड यांबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आदी घटकही असतात. म्हणून मत्स्यालयासाठी तयार मिळणारे सागरी क्षारमिश्रणच आरओ यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात विरघळवावे. दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला साधारण साडेतीन किलो मिश्रण लागते. ते वेगळ्या पिंपात पंपाच्या साहाय्याने एक दिवस फिरवून मग वापरावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. किनाऱ्यावरून आणलेले पाणी विश्वासार्ह नसते. शहरांलगत त्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारताही घटते.

बाष्पीभवनात केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरून काढावी. खारे पाणी ओतल्यास क्षारता वाढत जाते.

प्रतीक्षेचा काळ

माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून विषारी अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि इतर जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. जुन्या फिल्टरमधील जिवाणू खाऱ्या पाण्यात हे काम करीत नाहीत. नवे जिवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी संचावर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा सोडू नये. नवी समुद्री पेटी अयशस्वी होण्यामागे बहुधा हीच घाई असते. पुढेही एक-दोन मासेच सोडावेत आणि पिशवीतील पाण्यात पेटीतील पाणी थेंबाथेंबाने मिसळून त्यांना सरावू द्यावे.

कायद्याचे भान

सागरी मत्स्यालयाविषयीच्या परदेशी पुस्तकांत प्रवाळखडकांचा वापर सर्रास सुचविलेला आढळतो. भारतात मात्र २००१ सालापासून खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. किनाऱ्यावरून ते गोळा करणे किंवा विकणे हा गुन्हा असून, त्यासाठी किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. जिवाणूंना आसरा देण्यासाठी सिरॅमिकचे कृत्रिम खडक पुरेसे असतात.

माशांच्या बाबतीतही निवड महत्त्वाची आहे. काही देशांत प्रवाळभित्तींवरील मासे सायनाइड वापरून पकडले गेले आहेत; त्यात मासे आणि प्रवाळ दोघांचीही हानी होते. याउलट, केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. असे हॅचरीतील मासे काचेच्या पेटीला व तयार खाद्याला सरावलेले असतात. खरेदी करताना मासा समुद्रातून पकडला आहे की हॅचरीत जन्मला आहे, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो मासा न घेणेच इष्ट.