इस्लामी विचाराचा मराठी अभ्यास

दुसऱ्याचा धर्म समजून घ्यावयाचा तर त्याच्या शब्दांपासून आरंभ केला पाहिजे. ‘तौहीद’ हाच शब्द घ्या. ईश्वर एक आहे, त्याला भागीदार नाहीं, हा त्याचा अर्थ. मराठी वाचक त्याला ‘अद्वैत’ म्हणून मोकळा होतो. परंतु रूढ इस्लामी मतांत स्रष्टा आणि सृष्टि हीं वेगळींच राहतात. इब्न अरबी (११६५–१२४०) या सूफी तत्त्वज्ञाच्या परंपरेनें खरें अस्तित्व एका ईश्वराचेंच मानलें; उलट शेख अहमद सरहिंदी (१५६४–१६२४) यांनीं, हें ऐक्य साधकाच्या अनुभवापुरतें आहे, वस्तुतः नाहीं, असा आक्षेप घेतला. एवढा मोठा वाद एका भाषांतरित शब्दाखालीं झांकला जातो.

या वादांचे ग्रंथ अरबी, फारसी व उर्दू भाषांत आहेत. मराठवाड्याला त्यांची वाट इतिहासानें दाखविली. १९४८ पर्यंत नांदेड–लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कारभार उर्दूंत चाले. १९१८ सालीं हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमहि उर्दूच होतें. मराठी मुलाला ही भाषा लादलेली वाटे, आणि ती तक्रार खोटी नव्हती.

परंतु कांहींनीं त्याच ओझ्याचें धन केलें. निलंगा येथें १९१० सालीं जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे त्यांतले अग्रगण्य. ते पेशानें प्राध्यापक नव्हते, सरकारी अधिकारी होते. तरी त्यांनीं औरंगजेबकालीन फारसी साधनें मराठींत आणलीं आणि सूफी संप्रदायावर ग्रंथ लिहिला.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे मराठीचे प्राध्यापक व पुढें प्राचार्य होते. पगडींचा ओढा समजावून सांगण्याकडे, तर कुरुंदकरांचा प्रश्न विचारण्याकडे. धर्मश्रद्धा व राजकारण यांचा संबंध त्यांनीं निर्भीडपणें तपासला. त्यांचे निष्कर्ष सर्वांस पटले नाहींत. परंतु मनुस्मृतीचीहि त्यांनीं तितकीच कठोर झडती घेतली, हें विसरतां येत नाहीं.

निजामी राजवट गेली, तें उत्तमच झालें. मात्र तिच्याबरोबर मराठी घरांतून उर्दूहि गेली. आजोबा उर्दू दस्तऐवज सहज वाचीत. नातवाला ती लिपि ओळखूं येत नाहीं. इस्लामविषयींचें मत मात्र त्याचें आजोबांहून ठाम असतें! त्यानें ती लिपि पुन्हा हातीं धरली, तर निदान आपलें मत ऐकीव आहे कीं वाचलेलें, एवढें तरी त्याचें त्याला कळेल.