नर्तकाच्या वतीने ‘नाही’ कोण म्हणणार?

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी तेवीस वर्षांची एक मुलगी दवाखान्यात आली. चित्रपटांतील गाण्यांत आणि पुरस्कार सोहळ्यांत मागच्या रांगेत नाचणे हा तिचा व्यवसाय. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूस, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी तीन आठवडे दुखत होते. प्रथम नाचून झाल्यावर दुखे, पुढे नाचतानाच दुखू लागले आणि आता जिना उतरतानाही कळ येत होती. तिची मागणी मात्र साधी होती. ‘‘डॉक्टर, एक इंजेक्शन द्या. उद्या सकाळी सातची शिफ्ट आहे.’’

मी विचारले, ‘‘उद्या तुला येता येणार नाही, हे तुझ्या वतीने त्यांना कोण कळवेल?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘कोणीच नाही. मीच कळवायचं. आणि कळवलं की पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.’’

तिच्या नडगीच्या हाडाला ताणामुळे बारीक चीर पडली होती. क्ष-किरण चित्रात ती दिसली नाही, एमआरआयमध्ये दिसली. परंतु तिच्या दुखण्याचे दुसरे अर्धे कारण कोणत्याही तपासणीत दिसणारे नव्हते. ते तिच्या उत्तरात होते.

वाचकहो, आपल्या घरातही एखादी मुलगी किंवा मुलगा दहावी-बारावीनंतर ‘मी नृत्यच करणार’ असे सांगत असेल. अशा वेळी घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, ‘पोट भरेल का?’ हा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारावा, अशी माझी विनंती आहे. काम मिळाल्यावर या मुलाची बाजू कोण मांडणार? कारण ज्याचे शरीर हेच भांडवल आहे, त्याच्या आरोग्याचा निर्णय बहुधा दवाखान्यात होत नाही; तो काम स्वीकारताना झालेला असतो.

काम कोठून येते?

आपल्याकडे व्यावसायिक नृत्याचे तीन मोठे प्रवाह आहेत आणि प्रत्येकात काम मिळण्याची रीत निराळी आहे.

पहिला प्रवाह मुंबईच्या चित्रपट-दूरदर्शन क्षेत्राचा. गाणे नृत्यदिग्दर्शकाकडे येते. त्याचे साहाय्यक आणि कोऑर्डिनेटर आपल्या ओळखीच्या नर्तकांना निरोप धाडतात. उंची, वय, नृत्यशैली आणि तारीख एवढ्यावर निवड होते, मोबदला शिफ्टवर ठरतो. या नर्तकांची सिने डान्सर्स असोसिएशन ही संघटना मुंबईत आहे आणि तिच्या सदस्यत्वाच्या कार्डाला महत्त्व आहे. टॅलेंट मॅनेजमेंट करणाऱ्या कंपन्या बहुधा प्रसिद्ध चेहऱ्यांसाठी काम करतात; मागच्या रांगेतील नर्तकाला असा प्रतिनिधी क्वचितच लाभतो. या वाटेने वर जाता येते, पण वेळ लागतो. सरोज खान बालवयात या क्षेत्रात आल्या, समूहनर्तकी झाल्या, पुढे बी. सोहनलाल यांच्या साहाय्यक झाल्या. स्वतंत्र नृत्यदिग्दर्शिका म्हणून त्यांना ‘गीता मेरा नाम’ हा चित्रपट मिळाला तो १९७४ मध्ये. घराघरात नाव पोहोचले ते १९८८ च्या ‘तेजाब’मुळे. एवढा दीर्घ काळ शरीर टिकले पाहिजे, हे ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रवाह शास्त्रीय नृत्याचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद, अलंकार या परीक्षा, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र किंवा मुंबईचे नालंदा नृत्यकला महाविद्यालय येथील पदवी, दूरदर्शनची श्रेणी, भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या पॅनेलवरील समावेश अशा पायऱ्यांनी कलावंताची ओळख बनते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटासाठी दरमहा ५,००० रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्तीही आहे. तथापि बहुतेकांचा चरितार्थ चालतो तो शिकवण्यावर. कार्यक्रमाची निमंत्रणे पुष्कळदा गुरूंच्या शब्दावर येतात.

तिसरा प्रवाह तमाशा-लावणीचा. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे यात्रांच्या हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे पुढारी तेथे येऊन यात्रेची ‘सुपारी’ देतात. व्यवहार फडमालकाशी होतो. फडातील कलावंतांनी हंगामाआधी ‘उचल’ घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत आजारपणातही पाय थांबवणे अवघड जाते. विठाबाई नारायणगावकर यांनी पूर्ण दिवस भरलेले असताना रंगमंचामागे बाळाला जन्म दिला आणि त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर गेल्या, ही हकीकत महाराष्ट्रात आदराने सांगितली जाते. त्या धैर्याला माझाही नमस्कार आहे. मात्र डॉक्टर म्हणून ती ऐकताना मनात येते, त्या रात्री ‘आता बाई नाचणार नाहीत’ असे म्हणणारे कोणी तेथे असायला हवे होते.

कोऑर्डिनेटर, गुरू आणि फडमालक हे तिघेही काम देतात. त्यांतील कित्येकजण पोटच्या मुलांसारखी मायाही करतात. तरीही कार्यक्रम ठरल्यावेळी पार पडणे, ही त्यांची पहिली जबाबदारी असते. प्रतिनिधी मात्र असा हवा, ज्याची पहिली जबाबदारी आपण असू.

शरीराचा हिशेब

नाचणाऱ्याचे स्नायू दुखणारच. पसरट, दोन्ही पायांत सारखे असलेले आणि दोन-तीन दिवसांत ओसरणारे दुखणे विश्रांतीने बरे होते. याउलट एकाच बिंदूवर असलेले, दिवसेंदिवस वाढणारे, विश्रांतीत किंवा रात्रीही जाणवणारे दुखणे हाडाचे असू शकते. अशा वेळी पहिल्या काही आठवड्यांतील क्ष-किरण चित्र निर्दोष आले, तरी निर्धास्त होऊ नये. वेळीच थांबल्यास नडगीच्या आतल्या कडेची अशी चीर बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. इंजेक्शने घेऊन नाचत राहिल्यास तीच चीर पूर्ण अस्थिभंगापर्यंत जाऊ शकते.

वेदनाशामक गोळ्यांबाबतही सांगितले पाहिजे. उपाशीपोटी, घामाने शरीर कोरडे पडले असताना आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या वारंवार घेतल्यास जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना इजा होते. घोट्यामागील शिरेजवळ स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन मंचावर जाण्याने ती शीर तुटण्याचा धोका वाढतो. वेदना ही शरीराची तक्रार आहे. ती बुजवली तरी तिचे कारण तसेच राहते.

अधिक घातक आहे ती न दिसणारी उपासमार. ‘दोन किलो कमी कर, मग पुढच्या रांगेत घेतो’ हे वाक्य अनेक मुलींनी ऐकलेले असते. खर्चाच्या मानाने आहारातून ऊर्जा कमी पडू लागली की शरीर काटकसर करते. पाळी लांबते, मग बंद होते. हाडे विरळ होतात, चिडचिड वाढते, दुखापती लवकर बऱ्या होत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधील या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते हे स्पष्ट केले. नर्तकांनाही ते पूर्णपणे लागू आहे. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर ‘सराव जास्त आहे म्हणून’ असे समाधान करून घेऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

त्यात आपल्याकडे रक्तक्षयाची भर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. धाप लागणे, चक्कर येणे याला दरवेळी ‘दम कमी पडतो’ असे म्हणू नये, हिमोग्लोबिन तपासावे. पिशवीत शेंगदाणा-गुळाचे लाडू, फुटाणे, केळी, उकडलेली अंडी किंवा भाकरी असावी. सेटवर जेवण केव्हा येईल याचा भरवसा नसतो.

आणखी एक तक्रार मुली संकोचाने सांगतात. स्वच्छतागृह दूर किंवा अस्वच्छ, पोशाख उतरवायला अर्धा तास, म्हणून दिवसभर पाणीच प्यायचे नाही. परिणामी लघवीचा संसर्ग पुन:पुन्हा होतो. काम स्वीकारताना स्वच्छतागृहाची आणि कपडे बदलण्याच्या जागेची चौकशी करणे म्हणजे नखरा नव्हे. नाचण्याची जमीन कशी आहे, हाही तितकाच वाजवी प्रश्न आहे. सिमेंटवर किंवा फरशीवर तासन्‌तास उड्या मारल्या की त्याची किंमत नडगी आणि गुडघे मोजतात.

कागद हेही औषधच

प्रतिनिधी किंवा एजंट नेमायचा झाल्यास एक खूणगाठ बांधावी. खरा प्रतिनिधी मिळालेल्या मानधनातून ठरलेला हिस्सा घेतो. काम मिळण्यापूर्वी नोंदणी शुल्क मागत नाही, अमुक छायाचित्रकाराकडूनच फोटो काढण्याची सक्ती करत नाही आणि पासपोर्ट स्वत:कडे ठेवत नाही. करार किती मुदतीचा, कोणकोणत्या कामांना लागू, हिस्सा किती, तो मोडायचा कसा, हे लेखी असावे. परदेशी नोकरी देऊ करणारा भरती एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. आखातातील ‘डान्सर’च्या नोकरीचे निमंत्रण आल्यास हे पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये.

लेखी करार मिळत नसेल तर निदान व्हॉट्सअॅपवर एक संदेश पाठवून ठेवावा : तारीख, ठिकाण, तास, मानधन, ते केव्हा मिळणार, प्रवास व जेवण कोणाचे. उत्तरादाखल आलेला ‘हो’ जपून ठेवावा. या क्षेत्रात पैसे अनेकदा महिन्या-तीन महिन्यांनी हाती येतात. म्हणून कामाची रोजनिशी ठेवावी. मानधनातून कर कापला गेला असल्यास विवरणपत्र भरून, देय कर कमी असेल तर तो परत मिळवता येतो. अनेक तरुण कलावंत हे पैसे अज्ञानामुळे सोडून देतात.

विम्याबाबत गैरसमज नको. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख आणि कायमच्या अंशत: अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ते अवश्य घ्यावे. परंतु मुरगळलेल्या घोट्याने बुडालेली मजुरी ते देत नाही. त्यासाठी आरोग्य विमा आणि तात्पुरत्या अपंगत्वात साप्ताहिक भरपाई देणारी वैयक्तिक अपघात पॉलिसी पाहावी. अर्जात ‘नर्तक’ हा व्यवसाय प्रामाणिकपणे लिहावा. लपवल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. तीन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक बाजूला असेल, तर दुखऱ्या पायाला थांबवण्याचे धैर्य येते.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवरील आणि कंत्राटी स्त्रियांनाही संरक्षण देतो. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती नसल्यास जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

ज्यांची मुले लहान आहेत आणि नृत्याच्या स्पर्धांचे कार्यक्रम पाहून ज्यांना मोह होतो, त्यांच्यासाठी थोडे अधिक. चौदा वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाच्या मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. हे नियम आपण वाचले नाहीत, तर चित्रीकरणाच्या धावपळीत आपल्याला ते कोणी वाचून दाखवीलच असे नाही.

घरातला पहिला प्रतिनिधी

सुरुवातीच्या वर्षांत व्यावसायिक प्रतिनिधी मिळणार नाही, हे गृहीत धरावे. ती जागा घरच्यांनी भरून काढावी. नर्तकाने नाचावे, मानधन, वेळ आणि विश्रांती यांविषयी दुसऱ्या कोणीतरी बोलावे. स्वत:ची किंमत स्वत: सांगताना तरुण माणसाला संकोच वाटतो, आणि ‘पाय दुखतोय’ असे स्वत: सांगितले की ते कारण वाटते. हेच आई, वडील, भाऊ किंवा विश्वासू मित्राने शांतपणे, सौजन्याने सांगितले, तर त्याला व्यवहाराचे रूप येते. मात्र यासाठी घरच्यांनी आधी त्या कामाला काम मानले पाहिजे. ‘एवढं दुखतंय तर सोडून दे’ असे ज्या घरात ऐकवले जाते, तेथील मुले दुखणे लपवू लागतात.

त्या मुलीला त्या रात्री मी इंजेक्शन दिले नाही. आठ आठवडे नृत्य बंद ठेवण्याचे प्रमाणपत्र दिले. तिच्या थोरल्या भावाला बोलावून घेतले आणि त्यानेच माझ्यासमोर कोऑर्डिनेटरला फोन लावला. ते काम हातचे गेले. मधल्या काळात तिने सोसायटीतील मुलांना बसून ताल आणि हस्तमुद्रा शिकवल्या. तेवढ्यावर घरभाडे निघाले नाही, भावाने भर घातली. तीन महिन्यांनी ती कामावर परतली तेव्हा नेहमीच्या तीन नृत्यदिग्दर्शकांपैकी दोघांनी बोलावले, एकाने अजूनही बोलावलेले नाही.

परवा ती सर्दी-खोकल्यासाठी आली होती. पायाचे विचारले, तर म्हणाली, ‘‘ठीक आहे, डॉक्टर. आता फोन दादाच घेतो. आधी फरशी कशी आहे ते विचारतो, मग पैशांचं.’’