पवईहून आफ्रिकेला निघण्याआधी

केनिया-मलावीच्या खेड्यात आरोग्यसेवेला जायचं मनात असेल, तर आधी चार दिवस जामखेडला काढा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं आणि गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. हे काम शिकायला परदेशांतूनही माणसं येतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने दायांसाठी श्वास मोजायचं साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सहावा मणी लाल. वाळू संपायच्या आत तो सरकला की न्यूमोनियाची शंका, उपचार लगेच. हे कौशल्य गावातच राहतं. तीन आठवड्यांच्या पाहुण्याचं कौशल्य मात्र त्याच्याबरोबर परत जातं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही डॉक्टर किंवा नर्स नसाल, तर रुग्णाला हात लावू नका. औषधसाठ्याच्या नोंदी, हिशेब, सौरपंपाची दुरुस्ती, अशी कामं विचारून घ्या.

आफ्रिकेतल्या अनेक देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती प्रवासाच्या किमान १० दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्या, पिवळं प्रमाणपत्र जपून ठेवा. परतताना भारतातही ते तपासतात.

नुसती देणगी पाठवायची असेल, तर परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर इथे प्राप्तिकरात सूट मिळत नाही.