एकच इंटरप्ट, दोन नंबर

नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय, बोलताना अडखळलो तेवढं गाळलंय. आज एक कबुली द्यायची आहे, पण आधी थोडी पार्श्वभूमी.

आर्मच्या चिपमध्ये जीआयसी नावाचा ब्लॉक असतो, म्हणजे इंटरप्ट कंट्रोलर. सिरियल पोर्टवर बाइट आला, टायमर संपला, की हाक आधी त्याच्याकडे जाते आणि तो ती एखाद्या कोअरला पोचवतो. प्रत्येक हाकेला एक आयडी असतो. ० ते १५ म्हणजे एसजीआय, कोअर एकमेकांना मारतात त्या हाका. १६ ते ३१ म्हणजे पीपीआय, प्रत्येक कोअरच्या खासगी. ३२ ते १०१९ म्हणजे एसपीआय, सगळ्यांच्या सामायिक.

आता कुठली हाक कुणाची, हे जीआयसी स्वतः सांगत नाही. यूएसबीचं उपकरण जोडल्यावर आपली ओळख देतं, तसं इथे नाही. कुणीतरी ते लिहून द्यावं लागतं, आणि तेही दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण डिव्हाइस ट्री, लिनक्ससाठी. तिथे तीन आकडे येतात: प्रकार (० एसपीआय, १ पीपीआय), नंबर आणि ट्रिगर (४ म्हणजे लेव्हल हाय). मेख दुसऱ्या आकड्यात आहे. तो त्या प्रकारापुरता शून्यापासून मोजतात. क्यूईएमयूच्या व्हर्ट मशीनमधला यूआर्ट तिथे ‘० १ ४’ असा दिसतो, पण त्याचा खरा आयडी ३३. सर्व्हरवर एसीपीआय असेल तर मात्र सरळ खरा आयडीच लिहितात.

दुसरं ठिकाण सिक्युअर फर्मवेअर, म्हणजे ईएल३ वर चालणारं ट्रस्टेड फर्मवेअर. त्याच्या प्लॅटफॉर्म कोडमध्ये सुरक्षित बाजूने राखून ठेवलेल्या इंटरप्टची यादी असते. तिथे खरा आयडी लागतो. यादीत नसलेले एसपीआय नॉन-सिक्युअर होतात, म्हणजे लिनक्सला मिळतात. यादीतल्यांना लिनक्सने हात लावायचा नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं तर जीआयसी दुर्लक्ष करतो, वाचलं तर शून्य देतो. तक्रार कुणीच करत नाही.

आता माझी गोष्ट. नव्या बोर्डवर दुसरा यूआर्ट चालेना. ड्रायव्हर लोड झाला, एरर नाही, पण ‘प्रोक इंटरप्ट्स’मध्ये सगळ्या कोअरसमोर शून्य. डिव्हाइस ट्रीत ‘० ४० ४’ होतं, मॅन्युअलशी जुळत होतं. फर्मवेअरच्या कोडमध्ये ४० शोधलं, काही सापडलं नाही. मी निष्कर्ष काढला, बोर्डच खराब! आणि तसा मेलही ठोकला, टीममधल्या सगळ्यांना सीसी करून.

हार्डवेअरचा दादा रात्री उशिरापर्यंत ऑसिलोस्कोप लावून बसला. सकाळी त्याने दाखवलं, सिग्नल चिपच्या पिनपर्यंत व्यवस्थित येतोय. मग त्यानेच स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, “अरे, या ओळीत ७२ का लिहिलंय?”

४० अधिक ३२. लिनक्स मला खरा आयडी समोर दाखवत होता आणि मी फक्त शून्यांकडे बघत बसलो होतो. फर्मवेअरमध्ये ७२ शोधलं, लगेच सापडलं. जुन्या बोर्डवर ती लाइन सिक्युअर वॉचडॉगची होती, आणि ती यादी नव्या बोर्डसाठी जशीच्या तशी कॉपी झाली होती. कॉपी करणारा? मीच. एक ओळ काढली, बाइट यायला लागले.

तेव्हापासून मी डिव्हाइस ट्रीत प्रत्येक नंबरशेजारी कॉमेंटमध्ये खरा आयडी लिहितो. नवा बोर्ड आला की दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून बघतो. तुम्हीही बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आणि हो, चूक माझी होती हा मेलही मी सगळ्यांना सीसी करूनच पाठवला. भेटू पुढच्या भागात!